डॉ. आलोइस आल्झायमर

म्हातारे माणूस विसरू लागले, भलतेच बोलू लागले, की म्हातारचळ लागला असे म्हणून आपण मोकळे होतो. हा स्वभावाचा दोष नसून मेंदूचा रोग असू शकतो, हे ज्यांच्यामुळे जगाला कळले त्या डॉ. आल्झायमर यांचे चरित्र थोडक्यात पाहू.

त्यांचा जन्म १४ जून १८६४ रोजी जर्मनीतील मार्क्टब्राइट या लहानशा गावी झाला. १८८८ साली ते फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. तेथे डॉ. एमिल सिओली यांच्या हाताखाली, रोग्यांना बांधून न ठेवता ऊन पाण्याची स्नाने देऊन शांत करण्याची रीत त्यांनी चालविली.

१९०१ च्या आरंभी त्यांची पत्नी वारली. पदरी तीन मुले. तेव्हा बहीण एलिझाबेथ घर सांभाळण्यास आली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ऑगस्टे डेटर ही ५१ वर्षांची बाई रुग्णालयात दाखल झाली. तिचा नवरा रेल्वेत कारकून होता. ती त्याच्यावर विनाकारण संशय घेई, स्वयंपाकात चुका करी, वस्तू लपवून ठेवी. डॉक्टर तिच्याजवळ बसून प्रश्न विचारीत व प्रत्येक उत्तर लिहून ठेवीत. फुलकोबी खात असता ती पालक खाते म्हणाली. नवऱ्याचे नाव विचारले तर स्वतःचेच सांगितले.

पुढे ते म्यूनिकला गेले. एप्रिल १९०६ मध्ये ऑगस्टे वारल्यावर तिचा मेंदू त्यांनी मागवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. पेशींच्या आत तंतूंचा गुंता व बाहेर साचलेले डाग दिसले. नोव्हेंबरात ट्युबिंगेनच्या सभेत त्यांनी हे मांडले, पण कोणी एक प्रश्नही विचारला नाही. १९१० साली डॉ. क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या रोगास त्यांचे नाव दिले. १९ डिसेंबर १९१५ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षीच, ते निवर्तले.

रोग मुळापासून बरा करणारे औषध अजूनही नाही. म्हणून सारा भार घरच्यांवर पडतो. १९८१ साली अमेरिकेत नॅन्सी मेस व पीटर रॅबिन्स यांनी अशा घरांसाठी पुस्तक लिहिले; शुश्रूषा करणाऱ्याचा दिवस छत्तीस तासांचा असतो, असे त्याच्या नावातच सुचविले आहे.

तेव्हा सासूबाई चोरीचा आळ घेतात तो रोग घेतो, हे सुनेने जाणावे. आणि शेजाऱ्यांनी व आप्तांनी त्या सुनेला आठवड्यातून दोन तास तरी मोकळीक द्यावी. आल्झायमर यांच्या घरी एलिझाबेथ आली होती. प्रत्येक घरी अशी कोणीतरी यावी लागते.