चित्रे काढणारा मुलगा

चेतापेशीची आकृती तुम्ही विज्ञानाच्या वहीत कधी ना कधी काढली असेल. एका बाजूला फांद्यांसारख्या वृक्षिका, मध्ये पेशीकाय आणि पुढे शेपटीसारखा लांब अक्षतंतू. परीक्षेत हमखास येणारी आकृती! ही पेशी अशी सुटी आणि स्वतंत्र असते, हे ज्या शास्त्रज्ञाने जगाला पटवून दिले, त्याला लहानपणी घरात चित्रे काढायला बंदी होती.

सांतियागो रामोन इ काहाल यांचा जन्म १ मे १८५२ रोजी स्पेनमधील पेतिया दे आरागोन ह्या डोंगराळ खेड्यात झाला. स्पॅनिश माणसे वडिलांच्या आडनावापुढे आईचेही आडनाव लावतात. काहाल हे आईकडचे आडनाव, आणि जग त्यांना त्याच नावाने ओळखते. त्यांचे गाव कारभाराने नावार्रा प्रांताचे, पण चारी बाजूंनी आरागोनच्या मुलखाने वेढलेले. आपल्या सीमाभागातल्या वाचकांना अशा रेषांचे फारसे नवल वाटू नये.

वडील डॉन हुस्तो गावोगाव नोकरी करणारे शल्यवैद्य होते. अत्यंत गरिबीतून स्वकष्टाने वर आलेला हा माणूस भारी करारी होता. मुलाने डॉक्टर व्हावे, एवढाच त्यांचा ध्यास होता. मुलाला मात्र कागद मिळो, भिंत मिळो, चित्र काढल्यावाचून चैन पडत नसे. अखेर निवाडा करण्यासाठी वडिलांनी आयेर्बे गावातल्या चर्चच्या भिंती रंगवायला आलेल्या एका रंगाऱ्याला मुलाचे चित्र दाखवले. त्या गृहस्थाने ते साफ टाकाऊ ठरवले आणि घरातले रंग-पेन्सिली बंद झाल्या. अकराव्या वर्षी सांतियागोने घरी बनवलेल्या तोफेने शेजाऱ्याचे नवेकोरे फाटक उडवले आणि तीन-चार दिवस कोठडीची हवा खाल्ली. हाका येथल्या शाळेत लॅटिनची घोकंपट्टी आणि छड्या. त्यातून तो काही शिकला नाही. मग वडिलांनी शिक्षा म्हणून त्याला काही काळ न्हाव्याच्या दुकानात आणि काही काळ जोडे शिवायला बसवले.

वाट सापडली ती १८६८ च्या उन्हाळ्यात. वडिलांनी त्याला शरीररचना शिकवायचे ठरवले आणि हाडे मिळवण्यासाठी बापलेक एका जुन्या स्मशानभूमीत गेले. प्रत्येक हाड हातात घेऊन बघायचे, त्याचे खाचखळगे लक्षात ठेवायचे आणि मग कागदावर उतरवायचे. ज्या सवयीसाठी मुलाने बोलणी खाल्ली होती, तीच येथे कामी आली. पुढे सारागोसाला वैद्यकीय शिक्षण घेताना त्याने काढलेली शरीररचनेची चित्रे पाहून वडील इतके खूश झाले की त्यांचा ग्रंथ छापायचा बेत त्यांनीच केला. तशी छपाई तेथे होत नव्हती म्हणून तो राहिला. वडिलांनी आपली चूक तोंडाने कबूल केली की नाही कोण जाणे, पण हा बेत पुरेसे सांगून जातो.

१८७३ मध्ये काहाल डॉक्टर झाले. लगेच सैन्यात भरती, १८७४ मध्ये क्युबाच्या दलदलीत नेमणूक आणि तेथे मलेरिया. पुढच्या वर्षी अक्षरशः हाडाचा सापळा होऊन ते परतले. साठवलेल्या पगारातून त्यांनी स्वतःसाठी सूक्ष्मदर्शक विकत घेतला आणि घरातच प्रयोगशाळा थाटली. १८७९ मध्ये सिल्वेरिया यांच्याशी त्यांचा विवाह झाला. वाढता संसार, तुटपुंजे उत्पन्न, त्यात पतीचा रसायनांचा खर्च. हे सारे ह्या बाईंनी कसे भागवले असेल, ह्यावर वेगळा लेख व्हायला हवा. १८८५ मध्ये पटकीची साथ आली. त्या वेळी केलेल्या अभ्यासाबद्दल सारागोसाच्या प्रांतिक सरकारने त्यांना झाइस कंपनीचा उत्तम सूक्ष्मदर्शक भेट दिला. पैशांऐवजी यंत्र! शास्त्रज्ञाला ह्याहून गोड बक्षीस नसेल.

त्या काळी मेंदूविषयी एक मोठे कोडे होते. बहुतेक विद्वानांच्या मते मेंदू म्हणजे एकमेकांत मिसळून गेलेल्या धाग्यांचे एकसंध जाळे होते. काहींना वाटे की इतर अवयवांप्रमाणे मेंदूही सुट्या पेशींचाच असावा. पाहून ठरवावे, तर सूक्ष्मदर्शकाखाली सगळाच गुंता. १८८७ मध्ये माद्रिदला लुईस सिमार्रो ह्या डॉक्टरांनी काहाल यांना काही काचपट्ट्या दाखवल्या. इटलीच्या कामिल्लो गॉल्जी यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने त्या तयार केल्या होत्या. पोटॅशियम डायक्रोमेट आणि मग सिल्व्हर नायट्रेट वापरून ऊतक रंगवले, की हजारो पेशींपैकी मोजक्याच काळ्या होतात, पण त्या शेंड्यापासून मुळापर्यंत. घनदाट रानातली बाकीची झाडे अदृश्य व्हावीत आणि एकच झाड पानापानासह दिसावे, तसे. ही पद्धत लहरी होती, म्हणून चौदा वर्षे फारसे कोणी तिच्या वाटेला गेले नव्हते.

काहाल हटले नाहीत. बार्सिलोनाला प्राध्यापक असताना त्यांनी हे रंगवणे दोनदा करून पाहिले. शिवाय एक युक्ती लढवली: वाढलेल्या प्राण्याचा मेंदू म्हणजे दाट रान, तर पक्ष्यांच्या आणि लहान प्राण्यांच्या गर्भातले कोवळे रोपटेच का पाहू नये? तेथे धाग्यांवर आवरण चढलेले नसते आणि काळा रंग नीट बसतो. जेथे गॉल्जींना जाळे दिसले, तेथे काहाल यांना धाग्यांची मोकळी टोके दिसली. ती दुसऱ्या पेशीला अगदी खेटून थांबत, तिच्यात मिसळत नसत.

येथे चित्रकला पुन्हा उपयोगी पडली. पातळ कापात एक अख्खी पेशी क्वचितच सापडते. कशात फांदी, कशात शेपूट. काहाल अनेक काप तासन्‌तास पाहत, मनात साठवत, मग कागदावर पूर्ण पेशी उभी करत आणि पुन्हा काचपट्टीशी ताडून बघत. आज संगणक शेकडो प्रतिमा जुळवून जे करतो, त्याच जातीचे हे काम होते, फक्त ते डोळ्याने आणि हाताने चाले.

पण हे जगाला कळणार कसे? काहाल स्पॅनिशमध्ये लिहीत आणि जर्मन विद्वान स्पॅनिश वाचत नसत. १८८८ च्या मे महिन्यात त्यांनी स्वतःच्या खर्चाने एक त्रैमासिक काढले. प्रती अवघ्या ६०, त्यातल्या बहुतेक परदेशी शास्त्रज्ञांना पाठवलेल्या. म्हणावा तसा प्रतिसाद आला नाही. तेव्हा १८८९ मध्ये ते पदरचे पैसे खर्चून आपल्या काचपट्ट्या घेऊन बर्लिनच्या परिषदेला गेले. मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये बोलत त्यांनी एकेका प्राध्यापकाला ओढून सूक्ष्मदर्शकापुढे बसवले. त्यात वुर्झबर्गचे अल्बर्ट फॉन कोलिकर होते. वय ७२, आणि त्या शास्त्रातला शब्द त्यांचा. ते पाहत राहिले आणि त्यांचे मत बदलले. इतकेच नव्हे, काहाल यांचे लेखन वाचता यावे म्हणून त्या वयात ते स्पॅनिश शिकले. मला ह्या हकिकतीत काहाल यांच्याइतकेच कोलिकरही मोठे वाटतात.

१८९१ मध्ये वाल्डेयर यांनी ह्या पेशीला न्यूरॉन हे नाव दिले. मूळ शोध त्यांचा नव्हे, पण नाव चिकटले. १८९२ पासून काहाल माद्रिदला होते. सरकारने त्यांच्यासाठी प्रयोगशाळा काढली, तेव्हा ठरवलेला पगार जास्त आहे म्हणून त्यांनी तो कमी करून घेतला. १८९९ ते १९०४ ह्या काळात त्यांचा मज्जासंस्थेवरचा महाग्रंथ निघाला.

१९०६ चे नोबेल पारितोषिक काहाल आणि गॉल्जी यांना विभागून मिळाले. स्टॉकहोमलाच दोघांची पहिली भेट झाली. ११ डिसेंबरला गॉल्जींनी आपल्या भाषणात काहाल यांच्याच सिद्धान्तावर टीका केली आणि दुसऱ्या दिवशी काहाल यांनी आपली निरीक्षणे मांडली. एकाच्या रंगाने दुसऱ्याने पाहिले, आणि दोघांना दिसले ते वेगळे.

काहाल १७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिदला वारले. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दोन चेतापेशींमधली फट स्पष्ट दिसली: साधारण वीस नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा पन्नास हजारावा भाग. काही ठिकाणी पेशी थेट जोडलेल्याही सापडल्या, तेव्हा गॉल्जी अगदीच चुकले होते असेही नाही. काहाल यांची सुमारे २९०० चित्रे माद्रिदला जपून ठेवली आहेत. २०१७ मध्ये युनेस्कोने त्यांच्या संग्रहाची जागतिक स्मृतिठेव्यात नोंद केली. त्यातल्या कित्येकांवर पेन्सिलीच्या आधीच्या रेघा आणि पांढऱ्या रंगाने झाकलेल्या चुका अजून दिसतात.