ताहा बाकिर : अरबीची थोरली बहीण ओळखणारा इराकी आलिम

ताहा बाकिर यांचा जन्म १९१२ साली इराकमधल्या हिल्ला शहरात झाला. प्राचीन बाबिलचे अवशेष तिथून जवळच आहेत. शिकागोत शिक्षण घेऊन ते १९३८ मध्ये परतले. तोवर इराकच्या मातीत सापडलेल्या पाट्या वाचायचं काम बहुतेक परदेशी विद्वानच करत. खिळ्यांसारखी दिसणारी ती लिपी स्वतः वाचणाऱ्या पहिल्या काही इराकींमध्ये बाकिर होते.

या पाट्यांवरची एक मोठी भाषा म्हणजे अक्कादी. अरबी, हिब्रू, आरामी ज्या सामी घराण्यातल्या, त्याच घराण्यातली ही. लिहिलेल्या सामी भाषांत सगळ्यात जुनी, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची. नातं ऐकताक्षणी कळतं. अरबीत घर म्हणजे बैत, अक्कादीत बीतू. जीभ म्हणजे लिसान, तिकडे लिशानू. सूर्य शम्स, तिकडे शम्शू. ज्या धातूतून आपला सलाम आला, त्याच धातूतला शुल्मू अक्कादी पत्रांत खुशाली कळवतो.

१९४५ पासून बगदादजवळच्या तल्ल हरमल इथं बाकिर यांच्या देखरेखीखाली खोदकाम झालं. तिथं एश्नुन्ना राज्याच्या कायद्याच्या पाट्या निघाल्या. तिथलीच त्रिकोणांच्या गणिताची एक पाटी बाकिर यांनी १९५० मध्ये छापली. ती युक्लिडच्या आधी हजाराहून जास्त वर्षांची आहे. गिल्गमेशचं महाकाव्य त्यांनी अक्कादीतून थेट अरबीत आणलं. त्यामुळे सामान्य इराकी वाचकाला आपल्या मुलखाची कथा आपल्याच भाषेत मिळाली.

१९६३ च्या सत्तापालटानंतर त्यांना पदं सोडावी लागली. काही वर्षं लिबियात काढून ते मायदेशी परतले, आणि पुन्हा लिहायला बसले. १९८० मध्ये त्यांचं एक वेगळंच पुस्तक आलं. जुने कोशकार ज्या शब्दांवर दखील, म्हणजे बाहेरून आलेला, असा शिक्का मारत, त्यातल्या कितीतरी शब्दांचं मूळ त्यांनी इराकच्याच प्राचीन भाषांत दाखवलं.

आपण बोलताना मिस्कीन म्हणतो, तर्जुमा म्हणतो. अक्कादी पाट्यांवर मुश्केनू आहे, दुभाष्यासाठी तर्गुमन्नू आहे. शब्द हजारो वर्षं चालत आले आणि आपल्या घरापर्यंत पोचले.

१९८४ मध्ये बाकिर यांचं निधन झालं. इस्लामपूर्व काळाचा अभ्यास केल्यानं आपली ओळख कमी होत नाही, उलट आपल्या भाषेची मुळं किती खोल आहेत ते कळतं, हे त्यांनी आयुष्यभराच्या कामातून दाखवलं. आपल्या मुलांना आपण अरबी वाचायला शिकवतोच. तिच्या या थोरल्या बहिणीची ओळखही करून द्यायला हवी.