डॉ. कोटणीस : पडद्यावरचे आणि पडद्यामागचे

युद्धावरचे जुने चित्रपट म्हटले की आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना एक नाव हटकून आठवते. शांतारामबापूंचा ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’. १९४६ सालचा हा कृष्णधवल चित्रपट. डॉक्टरच्या भूमिकेत स्वतः व्ही. शांताराम, चिनी परिचारिका चिंग लान झाल्या होत्या जयश्रीबाई, आणि संगीत वसंत देसाईंचे. चीनमध्ये पाऊलही न टाकता राजकमलच्या मंडळींनी चीन उभा केला. आपले बाबुराव पेंढारकर चिनी सेनानी झाले. आज ती रंगभूषा पाहून मुलांना हसू येते. येऊ द्यावे. पण चित्रपट संपल्यावर हीच मुले विचारतात, हा माणूस खरोखर होता का? होता. आणि चित्रपटात दिसतो त्याहून तो साधा आणि खंबीर होता.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. सोलापूर म्हणजे गिरण्यांचे, चादरींचे गाव. चळवळीचेही गाव. १९३० च्या मे महिन्यात इंग्रजांनी तेथे मार्शल लॉ पुकारला आणि पुढील वर्षी १२ जानेवारीला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिले. तेव्हा द्वारकानाथ विशीत होता. ज्याचे गाव अशा दिवसांतून गेले त्या तरुणाला परक्याच्या टाचेखाली राहणे म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागले नाही.

घर मध्यमवर्गीय, भावंडे बरीच. मुलगा डॉक्टर होणे ही त्या काळी सगळ्या कुटुंबाने मिळून वाहिलेली कावड असे. द्वारकानाथ मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून १९३६ साली डॉक्टर झाले आणि पदव्युत्तर परीक्षेच्या तयारीला लागले. पुढचा रस्ता आखलेला होता. मोठ्या इस्पितळात नोकरी, मग स्वतःचा दवाखाना, लग्न, बहिणींच्या लग्नांना हातभार.

१९३७ साली जपानने चीनवर चढाई केली. चिनी सेनानी चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टरांची मदत मागितली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. त्यांनी जनतेला आवाहन केले, पैसा उभा केला आणि पाच डॉक्टरांचे पथक ठरले. प्रमुख डॉ. मदनमोहन अटल, जे स्पेनच्या यादवीत काम करून आले होते. नागपूरचे डॉ. चोळकर, वयाने सर्वांत वडील. कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. देवेश मुखर्जी. आणि सत्तावीस वर्षांचे कोटणीस. पाचांत दोघे मराठी, हे आपण अभिमानाने सांगायला हरकत नाही.

१ सप्टेंबर १९३८ रोजी पथकाने मुंबई सोडली. त्या काळी मुंबईहून चीनकडे जाणाऱ्या पी. अँड ओ. कंपनीच्या बोटी कोलंबो, पेनांग, सिंगापूर असे टप्पे घेत हाँगकाँगला जात. आपल्या पूर्वजांपैकी कितीतरी जण त्याच वाटेने, त्याच सागरी हवेत उलट्या करीत इथे आले. सप्टेंबरच्या मध्याला पथक कॅन्टनला पोहोचले. तेथे डॉ. सुन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग यांनी त्यांचे स्वागत केले.

इथे जरा आपल्या बेटाकडे वळून पाहायला हवे. १० ऑक्टोबर १९३८ रोजी, म्हणजे योगायोगाने कोटणिसांच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, सिंगापूरच्या चायनीज हायस्कुलात आग्नेय आशियातील चिनी मंडळींची मोठी परिषद भरली. टॅन काह की यांच्या नेतृत्वाखाली चीनच्या मदतीसाठी संघटित वर्गणी सुरू झाली. रिक्षावाल्यापासून रबराच्या मळेवाल्यापर्यंत सर्वांनी त्यात पैसे टाकले. १९३९ साली या भागातून सुमारे ३,२०० मोटारचालक आणि मेकॅनिक ब्रह्मदेशाच्या रस्त्यावर सामान वाहायला गेले. त्यांतले बरेचसे परत आले नाहीत. म्हणजे आपल्या शेजारच्या चिनी घरातून मुलगा गेला त्याच युद्धात सोलापूरच्या घरातलाही गेला होता. ही गोष्ट दोन्ही घरांना सहसा ठाऊक नसते.

कॅन्टनहून पथक हांकौ, इचांग करीत चुंगकिंगला आले. चिनी मित्रांनी प्रत्येकाच्या नावाचे चिनी रूप केले आणि शेवटी ‘हुआ’ हे अक्षर जोडले. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले के दिहुआ. याच चुंगकिंगात त्यांना वडील वारल्याची बातमी मिळाली. परत फिरायला यापेक्षा मोठे कारण कोणते असणार? कुणी बोटही ठेवले नसते. ते परतले नाहीत. माझ्या मते कोटणिसांच्या आयुष्यातला खरा कडेलोटाचा क्षण हाच. पुढच्या साऱ्या गोष्टी त्यातून आल्या.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. डोंगरात कोरलेल्या गुहांत इस्पितळ, गुहांतच राहणे. माओ त्से-तुंग त्यांना भेटले. पाहुणचार झाला आणि काम सुरू झाले. मुदत खरे तर एका वर्षाची होती. डॉ. चोळकर आणि डॉ. मुखर्जी त्याच वर्षी मायदेशी परतले, डॉ. अटल यांना पुढे प्रकृतीमुळे जावे लागले. उरले बसू आणि कोटणीस. त्या दोघांनी आणखी पुढे, शत्रूच्या फळीपलीकडल्या मुलुखात जायचे ठरवले. जपान्यांनी रस्ते, रेल्वे, मोठी गावे ताब्यात घेतली होती. मधल्या डोंगरी खेड्यांत आठव्या रूट सेनेचे गनीम लढत होते. आपल्या सह्याद्रीतल्या गनिमी काव्याची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला हे युद्ध फार परके वाटले नसावे, असे आपले मला वाटते.

१९४० साली त्या भागात मोठी मोहीम झाली. जखमी इतके येत की कोटणीस एकदा सलग ७२ तास शस्त्रक्रिया करीत राहिले. त्या मोहिमेत त्यांनी आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले असे सांगतात. साधने काय? शेतकऱ्याच्या घरातले दार काढून त्याचे मेज. औषधांचा तुटवडा कायमचा. आणि जपानी आले की इस्पितळ, रोगी, सामान सारे उचलून दुसऱ्या खोऱ्यात. चित्रपटात तोफा आणि धूर दिसतो. हे रोजचे उचलणे-ठेवणे दिसत नाही. प्रत्यक्षात युद्धातला डॉक्टर यातच दमतो.

त्याच भागात कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून काम करीत. शस्त्रक्रिया करताना बोट कापून रक्तात विष भिनल्याने नोव्हेंबर १९३९ मध्ये ते वारले. त्यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुखपद जानेवारी १९४१ मध्ये कोटणिसांकडे आले. जोडीला वैद्यकीय शाळेत शिकवणे. एव्हाना ते चिनी बोलतच नव्हे तर लिहू-वाचू लागले होते. खेड्यातल्या पोरांना शस्त्रक्रिया शिकवायची तर पुस्तक त्यांच्या भाषेत हवे, म्हणून ते चिनी भाषेत पाठ्यपुस्तक लिहू लागले. परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी याची नोंद घ्यावी. आपल्यापैकी किती जणांना तीन पिढ्यांनंतर शेजाऱ्याची भाषा बाजारहाटापलीकडे येते?

तिथल्या परिचर्या शाळेतल्या शिक्षिका क्वो चिंगलान यांच्याशी त्यांची ओळख बेथ्यून यांच्या समाधीच्या समारंभात झाली. १९४१ च्या अखेरीस दोघांनी लग्न केले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव सेनानी नीये रुंगचेन यांनी सुचवले, यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. त्याच वर्षी कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासदही झाले होते.

प्रकृती मात्र खालावत होती. अपस्माराचे झटके येत. उपचारासाठी दुसरीकडे जा, असा वरिष्ठांचा आग्रह होता. त्यांनी तो मानला नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी झटक्यांतच त्यांचा अंत झाला. वय बत्तीस. मुलगा साडेतीन महिन्यांचा. पाठ्यपुस्तक अर्धे राहिलेले.

चित्रपटात कोटणीस प्लेगवर इलाज शोधतात आणि त्याच प्लेगला बळी पडतात. हा बदल मला कधीच रुचला नाही. पडद्याला शत्रू समोर दिसावा लागतो, हे खरे. पण आपल्याला झटके येतात हे ठाऊक असलेला डॉक्टर दुसऱ्या दिवशी पुन्हा शस्त्रक्रियेला उभा राहतो, यात प्लेगपेक्षा काही कमी नाट्य आहे का? शेवट मात्र शांतारामबापूंनी असा केला आहे की टीका करणाऱ्याची लेखणी थांबते. विधवा चिंग लान लहानग्याला घेऊन सासरच्या दारात येते. प्रत्यक्षात चिंगलानबाईंना भारत पाहायला पुढे बरीच वर्षे जावी लागली.

या चित्रपटाच्या जन्माचीही एक गंमत आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४४ साली पथकाची हकीकत पुस्तकरूपाने लिहिली; चित्रपट त्यावर बेतला. युद्धामुळे कच्च्या फिल्मवर सरकारचे नियंत्रण होते आणि युद्धाला पोषक चित्रपट काढणाऱ्याला ती सहज मिळे. जपान हा इंग्रजांचाही शत्रू, तेव्हा जपानविरुद्ध लढणाऱ्यांची गोष्ट सरकारला चालणारच. शांतारामबापूंनी सरकारच्या फिल्मवर काँग्रेसने धाडलेल्या डॉक्टरची कथा चितारली. पण चित्रपट लोकांपुढे आला तोवर जपान शरण गेला होता, आणि देशात जयजयकार चालला होता तो जपानच्या बाजूने लढलेल्या आझाद हिंद सेनेचा. लाल किल्ल्यातले खटले नुकतेच गाजले होते.

आपल्या बेटावर तर हा पेच घराघरांत शिरलेला आहे. १५ फेब्रुवारी १९४२, चिनी नववर्षाचा पहिला दिवस, त्या दिवशी सिंगापूर पडले. नंतरच्या आठवड्यांत सुक चिंगमध्ये हजारो चिनी पुरुषांना वेचून मारले गेले. चीनला वर्गणी दिली हाही तेव्हा गुन्हा ठरला. आणि जुलै १९४३ मध्ये याच शहरात, पडांगच्या हिरवळीवर, सुभाषबाबूंनी आझाद हिंद सेनेची मानवंदना घेतली. ऑक्टोबरात कॅथेच्या इमारतीत आझाद हिंद सरकार जाहीर झाले. ज्यांनी पाच वर्षांपूर्वी कोटणिसांना जपानविरुद्ध लढणाऱ्यांच्या शुश्रूषेला धाडले, तेच हे सुभाषबाबू. कोटणीस हे पाहायला नव्हते. असते तर त्यांना काय वाटले असते, याचे उत्तर आपण त्यांच्या तोंडी घालू नये. सुभाषबाबूंना इंग्रज घालवायचे होते, कोटणिसांच्या मेजावर समोर जखमी माणूस होता. एकाच घरात एका भिंतीवर नेताजींची तसबीर आणि शेजारी चिनी मित्राच्या आजोबांची न सापडलेली कबर, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा पेच समजावून सांगायला नको.

आणखी एक चित्रपट इथे आठवतो, जो कधी झालाच नाही. जपानचे थोर दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांना १९४३ साली सिंगापुरात पाठवले होते, आझाद हिंद सेनेवर चित्रपट काढायला. तो पुरा झाला नाही. ओझू इथे राहिले आणि जप्त केलेले अमेरिकन चित्रपट पाहत बसले. युद्ध संपल्यावर १९४६ साली ते मायदेशी परतले, त्याच वर्षी जेव्हा मुंबईत ‘डॉ. कोटनीस’ पडद्यावर आला. पुढे ओझूंनी युद्धावर चित्रपट असा काढला नाही. युद्धातून न परतलेल्या मुलाच्या आईबापांचे, त्याच्या विधवेचे चित्रपट काढले.

कोटणिसांच्या मागे राहिलेल्यांची कथाही सुखाची नाही. यिनहुआ वडिलांसारखाच डॉक्टर होणार होता. १९६७ साली, शिक्षण संपत आले असता, तो वारला. मधल्या काळात १९६२ चे युद्ध झाले आणि दोन देशांत बोलणे बंद पडले. त्या वर्षांत कोटणिसांचे नाव घेणेही भारतात अवघड झाले असेल. तरी सोलापूर-मुंबईच्या कोटणीस कुटुंबाने आणि चिंगलानबाईंनी धागा तुटू दिला नाही. त्या अनेकदा भारतात येऊन सासरच्यांना भेटल्या. २०१२ च्या जूनमध्ये दालियन येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षाच्या सुरुवातीला सोलापुरात कोटणिसांच्या जन्मघरी स्मारक उघडले होते.

चीनने १९८२ साली कोटणिसांचे टपाल तिकीट काढले, भारताने १९९३ साली. शिच्याच्वांग शहरातल्या हुतात्मा उद्यानात त्यांची समाधी आहे, बेथ्यून यांच्या समाधीसमोर. दर एप्रिलमध्ये, आपल्या शेजारची चिनी कुटुंबे चिंग मिंगला पूर्वजांच्या थडग्यांवर जातात त्याच दिवसांत, तिथली शाळकरी मुले आणि परिचारिका के दिहुआंना फुले वाहायला येतात.