पॉल ब्रँड : आखडलेल्या बोटांचा डॉक्टर

आमच्या मुडबीत (बसवकल्याण तालुका, जिल्हा बिदर) एक आज्जा आहेत. त्यांच्या उजव्या हाताची बोटं आत वळलेली, जणू मुठीत काहीतरी धरून ठेवलंय. नमस्कार करायला गेलं की तळवे जुळत नाहीत, म्हणून ते हात उपरण्याखाली ठेवून नुसती मान हलवतात. मोठी माणसं सांगायची, शिरा आखडल्यात. रोगाचं नाव कुणी घ्यायचं नाही. टपरीवर त्यांचा चहाचा ग्लास मात्र वेगळा ठेवलेला असायचा. लहानपणी मीसुद्धा रस्ता बदलून जायचे, ते आता लपवत नाही.

मागच्या वर्षी लायब्ररीत डॉ. पॉल ब्रँड यांच्याबद्दलचं पुस्तक हाती लागलं आणि हे आज्जा आठवले. मंडळाच्या अंकासाठी एका व्यक्तीचं चरित्र लिहायचं ठरलं तेव्हा दुसरं नाव डोक्यात आलंच नाही.

पॉल ब्रँड यांचा जन्म १७ जुलै १९१४ चा, तमिळनाडूतल्या कोल्ली मलई डोंगरात. आईवडील इंग्लंडहून आलेले बाप्टिस्ट मिशनरी. वडील घरं बांधायचे, शेती शिकवायचे आणि जेवढं येत होतं तेवढं औषधपाणीही करायचे. पू, रक्त आणि जखमा बघून छोट्या पॉलला किळस यायची. आपण डॉक्टर मुळीच व्हायचं नाही, हे त्यानं तेव्हाच ठरवून टाकलं होतं. नऊ वर्षांचा असताना त्याला शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवलं. १९२९ मध्ये वडील मलेरियातून उद्भवणाऱ्या काळ्या लघवीच्या तापानं गेले. बातमी तारेनं लगेच पोचली, पण वडिलांनी आधी टाकलेली पत्रं जहाजानं येत होती, ती त्यानंतरही कित्येक आठवडे येत राहिली. मला त्यांच्या चरित्रातला हा भाग सगळ्यात जड गेला.

शाळा संपल्यावर पॉल डॉक्टरकीकडे गेलेच नाहीत. चार-पाच वर्षं ते गवंडीकाम आणि सुतारकाम शिकले. वडिलांसारखं मिशनवर जाऊन घरं बांधायची असा विचार होता. मिशनच्या कामाची तयारी म्हणून वैद्यकाचा एक छोटा कोर्स केला आणि तिथं मन फिरलं. मग लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये रीतसर शिक्षण. तिथंच मार्गारेट बेरी भेटल्या, १९४३ मध्ये लग्न झालं. महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांमध्ये जखमी झालेल्यांवर शस्त्रक्रिया करता करता त्यांचा हात तयार झाला. सुतारकामाची ती वर्षं वाया गेली असं कुणाला वाटेल, पण पुढे तीच कामी आली. लाकडाला कुठून ओढलं तर कुठं ताण येतो, हे त्यांना बोटांनी कळत होतं.

१९४६ मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. आयडा स्कडर यांनी १९०० मध्ये सुरू केलेलं हे इस्पितळ आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. पुढच्या वर्षी डॉ. रॉबर्ट कॉक्रन यांनी त्यांना चिंगलपेटचं कुष्ठरोग्यांचं आरोग्यधाम दाखवायला नेलं. कॉक्रन त्वचारोगाचे तज्ज्ञ. वाकड्या हातांचे इतके रुग्ण बघून ब्रँड यांनी विचारलं की या हातांचं कुणी काही करतं का. कॉक्रन यांनी तो प्रश्न त्यांच्यावरच उलटवला: हाडासांध्यांचे डॉक्टर तुम्ही, मग हे काम कुणाचं? तोवर एकाही अस्थितज्ज्ञानं या हातांचा नीट अभ्यास केलेला नव्हता.

तिथंच एका रुग्णाला ब्रँड यांनी आपला हात दाबायला सांगितला. वाळलेला, आखडलेला हात, त्यात काय जोर असणार? पण त्या माणसानं असा दाबला की डॉक्टरच कळवळले. म्हणजे सगळे स्नायू मेलेले नव्हते. मग नेमकं मेलं होतं काय?

हे समजायला आपला हात कसा चालतो ते थोडं सांगावं लागेल. (आर्ट्सवाल्यांनी हा परिच्छेद गाळू नये, मीही आर्ट्सचीच आहे.) बोटं मिटणारे मोठे स्नायू बोटांत नसतात, ते कोपराखाली असतात. तिथून लांब दोऱ्या मनगटातून बोटांपर्यंत येतात. गावाकडे आपण त्यांना शिरा म्हणतो, डॉक्टर टेंडन म्हणतात, पाठ्यपुस्तकात कंडरा. लिगामेंट वेगळं, ते हाडाला हाडाशी बांधतं. याशिवाय तळहातात छोटे छोटे स्नायू असतात. ते बोटाच्या मुळाशी वाकवतात आणि पुढचं बोट सरळ ठेवतात. कुष्ठरोगाचे जंतू शरीराच्या थंड भागात वाढतात. कोपराजवळ आणि मनगटाजवळ जिथं नस कातडीच्या अगदी खाली येते, तिथं ती सुजते आणि निकामी होते. चिंगलपेटला एका मृत रुग्णाचं शवविच्छेदन करताना ब्रँड यांना या गाठी ठरावीक जागीच दिसल्या. त्यामुळे तळहातातले छोटे स्नायू मरतात आणि कोपराखालचे बरेच मोठे स्नायू शाबूत राहतात. तोल बिघडतो. बोट मुळाशी मागं जातं आणि मधल्या सांध्यात आत वळतं. हाच तो पंजा.

मग सुताराच्या डोक्यानं विचार केला तर उपाय समोरच होता. प्रत्येक बोटाला वाकवणाऱ्या दोऱ्या दोन असतात. एक ठेवायची, दुसरी सोडवून बोटाच्या बाजूनं न्यायची आणि वरच्या बाजूला शिवायची. चांगला स्नायू मेलेल्याचं काम करणार. ही कल्पना ब्रँड यांची स्वतःची नव्हती. पोलिओ आणि अपघातातल्या हातांसाठी इतर शल्यविशारद असं करत होते. पण कुष्ठरोग्याचं मांस सडकं असतं, टाके भरणार नाहीत, अशी त्या वेळी डॉक्टरांचीही समजूत होती. १९४८ पासून ब्रँड यांनी एकेक बोट करून बघितलं. टाके भरले. ते मांस तुमच्या-आमच्यासारखंच होतं. पुढे त्यांनी मनगट उचलणारा स्नायू घेऊन, त्याला पायातली एक बारीक कंडरा जोडून, तिचे चार भाग चार बोटांना देण्याची पद्धत बसवली. १९५२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये त्यांनी या कामावर हंटेरियन व्याख्यान दिलं.

ऑपरेशन म्हणजे अर्धंच काम. सांधे ताठले असतील तर दोरी कितीही चांगली बसवा, बोट हलत नाही. त्यामुळे आधी गरम मेणात हात बुडवून सांधे मोकळे करायचे, मग ऑपरेशन, मग काही आठवडे प्लास्टर. प्लास्टर काढल्यावर पुन्हा शिकवणी, कारण मेंदूला जुनीच सवय असते. मनगट उचलायचा विचार केला की बोटं हलतात, हे रुग्णाला नव्यानं बसवून घ्यावं लागतं. जास्त दिवस हात स्थिर ठेवला तर शिवलेली दोरी आजूबाजूला चिकटून बसते, घाई केली तर तुटते. गुडघ्याचं लिगामेंट तुटलेल्या खेळाडूलाही फिजिओथेरपिस्ट जवळपास हेच सांगतात.

पण हात सरळ झालेल्या माणसाचं पुढं काय? एका रुग्णानं तक्रारच केली की वाकड्या हाताला भीक मिळायची, आता तीही मिळत नाही आणि काम तर कुणी देतच नाही. ब्रँड यांनी मग इस्पितळाच्या आवारात छोट्या झोपड्यांचं केंद्र काढलं. तिथं बरे झालेले लोक लाकडी खेळणी आणि इतर वस्तू बनवायला शिकले. शिकवणारे स्वतः ब्रँडच.

तिथंच नवी अडचण दिसली. दुरुस्त केलेल्या हातांना जखमा व्हायला लागल्या, बोटं झिजून आखूड होऊ लागली. सगळे म्हणायचे, रोगच बोटं खातो. ब्रँड यांना ते पटेना. त्यांनी एकेका जखमेचा माग काढला. कुणी हातोडी फार घट्ट धरत होतं, कुणी गरम भांडं तसंच उचलत होतं. एकदा गंजलेलं कुलूप कुणाला उघडेना, ते एका लहान मुलानं किल्ली फिरवून उघडलं. त्याचं बोट हाडापर्यंत कापलं होतं आणि त्याला पत्ताही नव्हता. काहींच्या बोटांचे तुकडे रात्रीत नाहीसे व्हायचे, तर ते उंदीर कुरतडत होते! उपाय म्हणून मांजरी पाळल्या. बोटं रोगानं झडत नव्हती, दुखणं कळत नव्हतं म्हणून जात होती. पायांसाठी त्यांनी मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या चपला करवून घेतल्या.

१९५३ मध्ये लंडनला एका रात्री मोजे काढताना ब्रँड यांना आपल्या टाचेला काहीच जाणवेना. सुई टोचली, तरी नाही. रात्रभर ते जागे होते, आपल्यालाही रोग झाला असं धरून. सकाळी पुन्हा टोचलं तर चांगलंच दुखलं! प्रवासात एका जागी बसून पाय बधिर झाला होता, एवढंच. आपल्या संत डेमियनना मोलोकाईवर गरम पाण्यात पाय बुडवून चटका बसला नाही, तेव्हा रोगाची खात्री झाली होती. ब्रँड यांच्या वाट्याला दुसरं उत्तर आलं.

पुढचं थोडक्यात. वेल्लोरजवळ करिगिरीला १९५५ मध्ये कुष्ठरोग संशोधन केंद्र सुरू झालं, त्यात त्यांचा मोठा वाटा. मार्गारेट यांनी कुष्ठरोग्यांचे डोळे वाचवण्याचं काम केलं. अपघातानं कमरेखाली लुळ्या झालेल्या डॉ. मेरी व्हर्गीस चाकाच्या खुर्चीत बसून हीच हाताची ऑपरेशन्स करू लागल्या. आपल्याकडे मुंबईला जे. जे. मध्ये डॉ. नोशीर अंटिया यांनी प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला आणि कुष्ठरोग्यांचे हात-चेहरे हाताळले. ब्रँड यांना १९६० चा लास्कर पुरस्कार मिळाला. १९६६ मध्ये ते अमेरिकेत कारव्हिलच्या इस्पितळात गेले आणि तिथं बधिर पायांचं ज्ञान मधुमेहाच्या रुग्णांसाठी वापरलं. ८ जुलै २००३ ला सिॲटलमध्ये ते वारले.

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेले तेव्हा मी आज्जांना भेटायला गेले. बराच वेळ बसले आणि शेवटी माझा हात दाबायला सांगितला. अंगठ्याचा जोर जबरदस्त आहे. त्यांचं औषध कधीच पूर्ण झालंय, आता त्यांच्यापासून कुणाला लागण नाही. पण मधले सांधे पार ताठलेत, ऑपरेशनची वेळ बहुतेक तीस वर्षांपूर्वीच होती. सरकारी योजनेत हे ऑपरेशन फुकट होतं आणि बुडालेल्या मजुरीचे पैसेही मिळतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. बोटाच्या टोकाला एक फोड होता. चहाच्या ग्लासाचा. त्यांना तो माझ्याकडूनच कळला.

आता ते ग्लास उपरण्यानं धरतात. आई फोनवर सांगते, कधी कधी विसरतात.