फ्रेडरिक लँचेस्टर

आपण त्यांना विसरलो, पण गाडीत सुखाने बसतो ते काही अंशी त्यांच्यामुळेच. जन्म १८६८चा, लंडनचा. मोटारी बनवल्या बर्मिंगहॅमला. त्या काळी लांब क्रँकशाफ्ट ठरावीक वेगाला पिळवटून थरथरे, कधी तुटेही. लँचेस्टरांनी त्याच्या टोकाला घर्षणाच्या चकत्यांमधून एक जड चाक जोडले. शाफ्ट थरथरला तरी चाक आपल्या संथ गतीने फिरत राही, चकत्या घासत आणि थरथरीचा जोर उष्णतेत जिरे. इंजिनाचा वैरी मानलेले घर्षणच त्यांनी कामाला जुंपले! रॉयल सोसायटीचे फेलो झाले, तरी १९४६पर्यंतची अखेरची वर्षे ओढाताणीत गेली. बँकेत हयात घालवलेल्या आम्हाला हा हिशोब खटकतोच. चार सिलिंडरच्या इंजिनाचा हादरा मारणारे, दुप्पट वेगाने परस्परविरुद्ध फिरणारे दोन दांडेही त्यांचेच. ते आजही कित्येक गाड्यांत आहेत.