तुकोबारायांच्या पुलावरून गेलेले नारायण वामन टिळक

दिंडीच्या शतकी अंकात ख्रिस्ती माणसाचं चरित्र कायले, असं एखादा माळकरी विचारील. विचारावं. जन्माला येऊन करायचं काय, या एका प्रश्नानं ज्याला सुखानं झोपू दिलं नाही असा हा माणूस, आणि त्याच्या वाटेवर आपले तुकोबाराय उभे होते. ख्रिस्तापर्यंत आपण तुकोबांच्या पुलावरून आलो, असं टिळक स्वतःच सांगत. म्हणून आम्ही लिहितो. आमच्या धारणी भागातही ख्रिस्ती घरं आहेत, रामराम घालणारी.

हे टिळक म्हणजे लोकमान्य नव्हेत. नारायणरावांचा जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा, चित्पावन ब्राह्मणाच्या घरचा. आई जानकीबाई मायाळू, वडील तापट. आई लवकर गेली आणि पोराचं घरातलं मन उडालं. नाशकात संस्कृत शिकले. नाशकाजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची लेक लक्ष्मी, तिच्याशी लग्न झालं. पण पाय काही ठरेना. आज या गावी मास्तरकी, उद्या तिसरीकडे. खिशातला पैसा समोरच्याला देऊन मोकळे. मधूनच न सांगता निघून जायचे. पोटचं लेकरू गेलं. नागपूरला राहिले, तिथं मासिक चालवलं. एकाच वावरात दरसाल नवं बी टाकून पाहणाऱ्या कास्तकारासारखं त्यांचं चाललं होतं, आणि घरची बाई उपाशी.

१८९३ साली ते नागपुराहून राजनांदगावला आगगाडीनं निघाले. डब्यात एक गोरा माणूस भेटला. त्यानं आधी संस्कृत कवितेच्या गोष्टी केल्या, मग बायबलचा नवा करार हाती ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं बोलून गेला. टिळकांना ते काही खरं वाटलं नाही. पण वाचीन असा शब्द दिला होता, म्हणून वाचू लागले. येशूनं डोंगरावर केलेल्या उपदेशाशी आले आणि तिथंच खिळले. वैऱ्यावरही प्रेम करावं, हे त्यांच्या काळजात उतरलं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथं आम्हाला थांबावं लागतं. हे त्यांनी लक्ष्मीबाईंना विश्वासात न घेता केलं. त्या माउलीवर आभाळ कोसळलं. नवरा जिवंत आणि संसार मोडलेला. लहानग्या दत्तूला घेऊन त्या नातलगांकडे राहिल्या. त्यातले किती दिवस आपल्या पंढरपुरातच गेले. देव सापडला म्हणून घरच्याला असं अंधारात ठेवावं, हे आम्हाला पटत नाही. आपल्यातही संसार टाकून माळ घालणारे आहेत, त्यांनाही आम्ही हेच म्हणतो.

मात्र पुढचं त्यांचं वागणं पाहा. साडेचार-पाच वर्षांनी लक्ष्मीबाई नांदायला आल्या, तेव्हा त्यांनी बाईंच्या सोवळ्याला हात लावला नाही. वेगळी चूल, वेगळं पाणी. धर्माची बळजबरी नाही. राहुरीला असताना बाईंच्याच मनात आलं की जाती देवानं केल्या की माणसानं. रात्रभर विचार केला, आणि त्या दिवसापासून कोणाच्याही हातचं खाऊ लागल्या. १९०० साली त्यांनी आपल्या मनानं बाप्तिस्मा घेतला.

टिळक अहमदनगरला राहिले, पाळक झाले. बालकवी ठोमरे त्यांच्याच घरी राहिले. धर्म बदलला तरी टिळकांनी मराठी टाकली नाही, अभंगही टाकला नाही. साहेबी चालीची गाणी त्यांना परकी वाटत. ख्रिस्ती मंडळींसाठी त्यांनी टाळावर म्हणता येतील अशी भजनं लिहिली, कीर्तनं केली.

तरी जीव निवाला नव्हता. पगार मिशनचा आणि काम देवाचं, हे टोचत होतं. पंचावन्नी ओलांडल्यावर, १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि संन्यासी वृत्तीनं साताऱ्याला राहिले. तिथं देवाचा दरबार उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांना जागा. येशूला मानणाऱ्यानं आपली माणसं सोडावी, हे त्यांना मान्य नव्हतं. बाप्तिस्म्याच्या दिवशी जे सापडलं, ते इथं येऊन पुरं झालं असं आम्हाला वाटतं. त्यात पहिल्या वेळच्या चुकीचीही भरपाई असावी.

दरबार दोनच वर्षं चालवता आला. ९ मे १९१९ ला मुंबईत ते गेले. ओवीबद्ध ख्रिस्तायन अर्धवट राहिलं होतं. लग्नात जिला अक्षरओळख नव्हती, त्या लक्ष्मीबाईंनी पुढचे अध्याय रचून ते पुरं केलं.