कर्मवीर भाऊराव पाटील

आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर ओलांडले की पुढे सातारा लागते. कुंभोजच्या जैन कुटुंबात २२ सप्टेंबर १८८७ रोजी जन्मलेल्या भाऊरावांची ती कर्मभूमी. स्वतःचे शिक्षण इंग्रजी सहावीपर्यंतच झाले. परंतु १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. गरिबाचे मूल शाळा सोडते ते पोटापायी, बुद्धीअभावी नव्हे, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले. त्यासाठी धर्मपत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले. (आपण व्यापारी मंडळी देणगीचा आकडा आधी विचारतो!) १९४७ साली छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले. तेथेही श्रम करून शिकण्याची सोय ठेवल्याने खेड्यातील कित्येक मुले पदवीधर झाली. ९ मे १९५९ रोजी कर्मवीर निवर्तले.